अंजन गवताची संवर्धन स्थिती

अंजन गवत (शास्त्रीय नाव : सेंक्रस सिलिअ‍ॅरिस) हे वाळवंटी व निमवाळवंटी प्रदेशांत वाढणारे बहुवर्षायू रानगवत आहे. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडाचा कोरडा भाग हे त्याचे मूलस्थान होय. भारतात ते राजस्थान व गुजरातच्या वाळवंटी पट्ट्यापासून दख्खनच्या पठारावरील अवर्षणप्रवण जिल्ह्यांपर्यंत आढळते. उत्तम वैरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. जगाच्या पातळीवर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र तिच्या मूळ प्रदेशातील अनेक माळरानांवरून व गायरानांवरून ती मागे हटत आहे. याउलट ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिका या खंडांत, जिथे ती माणसाने नेली, तिथे ती स्थानिक वनस्पतींना घातक ठरली आहे. त्यामुळे या गवताची संवर्धन स्थिती एका शब्दात सांगता येत नाही. ती कोणत्या प्रदेशाबद्दल विचारली जाते यावर अवलंबून असते.

नाव

सेंक्रस हे प्रजातीचे नाव भरडधान्यवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. सिलिअ‍ॅरिस या जातिवाचक शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा संबंध पापणीच्या केसांशी आहे. कणिशकांभोवतीच्या बारीक केसांमुळे हे नाव पडले. कार्ल लिनीयस यांनी १७७१ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचा समावेश पेनिसेटम या प्रजातीत केला. त्यामुळे जुन्या ग्रंथांत पेनिसेटम सिलिअ‍ॅरे असेही नाव आढळते. अलीकडच्या संशोधनानुसार या दोन्ही प्रजाती एकत्र मानल्या जातात. बाजरी ही पेनिसेटममधील वनस्पती असल्याने अंजन गवत हे बाजरीचे जवळचे रानटी नातलग ठरते.

मराठीत अंजन या नावाने एक वृक्षही ओळखला जातो (हार्डविकिया बायनाटा). खानदेश व मराठवाड्याच्या कोरड्या जंगलांत आढळणाऱ्या त्या वृक्षाचा या गवताशी संबंध नाही. राजस्थानात या गवताला धामण म्हणतात. महाराष्ट्रात मात्र धामण हे एका वृक्षाचे आणि एका बिनविषारी सापाचेही नाव आहे. स्थानिक नावांच्या अशा सरमिसळीमुळे गावपातळीवरील नोंदी करताना शास्त्रीय नाव सोबत लिहिणे आवश्यक असते.

वर्णन

अंजन गवत ठोंबांच्या स्वरूपात वाढते. एका ठोंबातून अनेक काड्या निघतात आणि त्यांची उंची साधारणतः अर्धा ते एक मीटर असते. चांगल्या जमिनीत ती याहून अधिक होते. पाने अरुंद, लांब व टोकाकडे निमुळती असतात. फुलोरा कोल्ह्याच्या शेपटीसारखा दाट, लांबट व केसाळ असून त्याचा रंग फिकट पिवळसर ते जांभळट असतो. प्रत्येक कणिशक-गुच्छाभोवती मऊसर केसांचे वेढे असतात. पक्व झाल्यावर हा संपूर्ण गुच्छ केसांसह गळून पडतो, वाऱ्याबरोबर घरंगळतो किंवा जनावरांच्या लोकरीला व अंगाला चिकटून दूर जातो.

याच प्रजातीतील सेंक्रस सेटिजेरस ही जातीही भारताच्या कोरड्या भागात आढळते. तिचे केस आखूड, ताठ व चपटे असून बुडाशी अधिक उंचीपर्यंत जुळलेले असतात. अंजनाचे केस लांब, बारीक आणि जवळजवळ बुडापर्यंत सुटे असतात. तिसरी जाती सेंक्रस बायफ्लोरस, म्हणजे राजस्थानातील भुरट, ही वर्षायू असून तिचे गुच्छ टोचणारे असतात.

अंजनाची मुळे खोल जातात. बुडाशी अन्नसंचय होत असल्याने वरचा भाग वाळला, चरला गेला किंवा जळाला तरी पहिल्या चांगल्या पावसानंतर ठोंबांतून पुन्हा फुटवे येतात. उष्ण व कोरड्या हवेत कमी पाण्यावर अधिक वाढ साधणारी सी-४ प्रकारची प्रकाशसंश्लेषण पद्धती या गवतात असते. ज्वारी, बाजरी व मका या पिकांतही तीच आढळते.

अधिवास

हलकी, वाळूमिश्रित किंवा मुरमाड आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन या गवताला मानवते. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत ते नीट रुजत नाही. त्यामुळे दख्खनच्या पठारावर खोल काळ्या जमिनीच्या बांधांवर मारवेल, तर उथळ मुरमाड माळांवर पवन्या, डोंगरी, कुसळी यांच्यासोबत अंजन, अशी ढोबळ विभागणी दिसते.

भारतीय गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण करून पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली देशाच्या गवत-आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार मांडले. त्यांपैकी वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशाच्या प्रकाराला मारवेल, अंजन व सेवण या गवतांच्या प्रजातींवरून नाव देण्यात आले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग पवन्या व मारवेल यांच्या प्रकारात मोडतो. म्हणजेच राजस्थानात अंजन हे गवताळ प्रदेशाचे मुख्य घटक आहे, तर महाराष्ट्रात ते इतर गवतांच्या सोबतीने, कोरड्या व हलक्या जमिनींच्या तुकड्यांत वाढते. ज्या प्रदेशात एखादी जाती मुळातच विखुरलेली असते, तिथून ती नाहीशी होत असल्याचे सहसा लवकर ध्यानात येत नाही.

जागतिक मूल्यांकनाची पद्धत

एखाद्या जातीला असलेला धोका ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची (स्थापना १९४८) लाल यादी सर्वमान्य समजली जाते. या यादीत नऊ वर्ग आहेत : नष्ट, वन्य अवस्थेत नष्ट, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, संकटसमीप, कमी चिंतेची, अपुरी माहिती असलेली आणि मूल्यांकन न झालेली. यांपैकी अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त व असुरक्षित हे तीन वर्ग धोक्याचे मानले जातात. संख्येतील घट, आढळक्षेत्राचा आकार, उरलेल्या प्रौढ जीवांची संख्या अशा मोजता येणाऱ्या निकषांवर वर्ग ठरतो.

हे निकष मुख्यतः संपूर्ण जातीला लावले जातात. अंजन गवताचे आढळक्षेत्र अनेक देशांत पसरलेले आहे, शिवाय ते अनेक ठिकाणी मुद्दाम पेरले जाते. त्यामुळे जागतिक निकषांवर ते धोक्याच्या कोणत्याही वर्गात बसण्यासारखे नाही. मात्र या निष्कर्षाचा अर्थ मर्यादित आहे. ही जाती पृथ्वीवरून नजीकच्या काळात नाहीशी होण्याची शक्यता नाही, एवढेच त्यातून कळते. एखाद्या जिल्ह्यातील माळावर ती टिकून आहे की नाही, याचे उत्तर त्यात नसते. याच कारणासाठी संघाने प्रादेशिक व राष्ट्रीय पातळीवर मूल्यांकन करण्याची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. एकच जाती जागतिक यादीत सुरक्षित आणि प्रादेशिक यादीत संकटग्रस्त असू शकते.

प्रजनन व स्थानिक वाणांचे महत्त्व

अंजन गवताच्या प्रजननाची रीत पाहिल्यास स्थानिक घट गंभीर का ठरते हे समजते. या गवतात बी बहुतांशी असंगजननाने तयार होते. म्हणजे परागण झाले तरी बीजातील गर्भ फलनाशिवाय, केवळ मातृवनस्पतीच्या पेशींपासून वाढतो. परिणामी बियांपासून उगवणारी रोपे आईची तंतोतंत नक्कल असतात. लैंगिक प्रजनन करणारी झाडे क्वचित सापडतात आणि नवे वाण तयार करण्यासाठी पैदासकार त्यांचा उपयोग करतात.

यामुळे निरनिराळ्या प्रदेशांत त्या त्या जमिनीला व पावसाला जुळवून घेतलेले अंजनाचे स्वतंत्र वंश टिकून राहतात. ठोंबांची उंची, पानांची रुंदी, फुलोऱ्याचा रंग, अवर्षण सोसण्याची क्षमता यांत ते एकमेकांहून वेगळे असतात. नेहमीच्या परपरागित वनस्पतींत एका ठिकाणचे गुण परागांद्वारे शेजारच्या समूहात मिसळतात व तिथे जपले जातात. असंगजननी गवतात तशी देवाणघेवाण फारशी होत नाही. त्यामुळे एखाद्या माळावरचा वंश नांगरला गेला, तर त्याचे विशिष्ट गुण दुसरीकडे सापडतीलच याची खात्री नसते. पुढे त्याच माळावर बाजारातील बी आणून पेरले, तर जागा हिरवी दिसते आणि जातीचे नावही तेच राहते. पण मूळ वंश परत येत नाही.

महाराष्ट्र व मराठवाड्यातील स्थिती

महाराष्ट्रातील गवतांचा अभ्यास जुना आहे. एथेलबर्ट ब्लॅटर व चार्ल्स मॅककॅन यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध केला. मराठवाड्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ मधील ग्रंथात आहे. अशा ग्रंथांतून कोणती जाती कुठे आढळली हे कळते. मात्र ती तिथे किती प्रमाणात होती व आज किती उरली, हे कळण्यासाठी त्याच जागांची पुन्हा पाहणी करावी लागते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण तालुक्याच्या उदाहरणावरून जमिनीच्या वापरातील बदल समजू शकतो. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. त्यानंतर बागायती पिकांना चालना मिळाली. छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील चितेगावच्या परिसरात कारखाने आले. शेजारच्या बिडकीन येथे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील मोठी औद्योगिक वसाहत उभारली जात आहे. पाणी, रोजगार व दळणवळण यांमुळे या भागाच्या अर्थव्यवस्थेत मोठा बदल झाला. त्याच वेळी बांध, पडीक माळ, रस्त्याकडेच्या पट्ट्या व गायराने या हलक्या जमिनींवर नवे उपयोग आले, आणि अंजनासारख्या गवतांचा आसरा नेमका याच जमिनी असतात.

दुष्काळाच्या वर्षी या बदलाची किंमत दिसते. १९७२, २०१२–१३ व २०१५–१६ या वर्षांत मराठवाड्याने तीव्र टंचाई अनुभवली आणि अलीकडच्या दुष्काळांत जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्वारीचा कडबा संपल्यावर पूर्वी माळावरचे बहुवर्षायू गवत काही काळ आधार देत असे. ज्याच्याकडे शेती नाही पण चार शेळ्या आहेत, अशा कुटुंबाला आणि दख्खनी मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगर समाजाला हा आधार सर्वाधिक महत्त्वाचा असतो.

घट होण्याची कारणे

अतिचराई : चांगल्या वैरणीच्या गवतांना जनावरे प्रथम खातात. बी धरण्यापूर्वी वारंवार चराई झाली, तर ठोंबांतील अन्नसाठा संपतो व ते मरतात. त्यांची जागा आधी कुसळीसारखी कमी पसंतीची गवते आणि नंतर ॲरिस्टिडा प्रजातीतील निकृष्ट गवते घेतात. माळ पावसाळ्यात हिरवाच दिसतो, मात्र त्याचे वैरणमूल्य घटलेले असते.

नांगरट व सपाटीकरण : यंत्रांच्या साहाय्याने मुरमाड जमीनही लागवडीखाली आणता येते. रुंद बांध फोडून अरुंद केल्याने शेतातील गवताची शेवटची जागाही जाते.

अयोग्य वृक्षारोपण : गवताळ माळ म्हणजे उजाड रान, अशा समजुतीने त्यावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली जातात. दाट सावलीत उन्हाळी गवते टिकत नाहीत.

उपद्रवी वनस्पती : वेडी बाभूळ व गाजर गवत यांनी अनेक गायराने व्यापली आहेत.

वर्गीकरणातील त्रुटी : ज्या जमिनीतून महसूल मिळत नाही ती पडीक, ही कल्पना ब्रिटिश महसूल व्यवस्थेपासून रूढ आहे. देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात झुडपी जमिनी व अवनत चराऊ कुरणेही पडीक या सदराखाली मोडतात. नोंदीत जे पडीक, ते दुसऱ्या कामासाठी सहज उपलब्ध मानले जाते.

गायरानांचा प्रश्न

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. अशा जमिनीला गायरान म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले.

मराठवाड्यात या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यांच्या नावे करावी, ही त्यामागची मागणी होती. अनेक दलित व भटक्या कुटुंबांची उपजीविका आजही गायरानावरील छोट्या तुकड्यांवर चालते. त्यामुळे गवताच्या रक्षणासाठी सर्व अतिक्रमणे सरसकट काढावीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरू शकते. उपजीविकेसाठी कसलेला एकरभर तुकडा आणि मोठ्या प्रकल्पासाठी वळवलेले संपूर्ण गायरान यांत फरक करावा लागतो. गवत कुठे उरले आहे आणि त्या जागेवर कोण अवलंबून आहे, या दोन्ही गोष्टींची नोंद झाल्याशिवाय न्याय्य निर्णय घेणे कठीण असते.

परदेशातील उलट स्थिती

अंजनाची काटकता इतर खंडांत संकट ठरली. ऑस्ट्रेलियात ते १८७० च्या दशकात उंटांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून अनवधानाने पोहोचले, असे मानले जाते. पुढे गुरांसाठी व धूळ रोखण्यासाठी ते मुद्दाम पेरले गेले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेतून आणलेला वाण टेक्सासमध्ये प्रसारित झाला आणि मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातही मोठ्या क्षेत्रावर चराऊ कुरणांसाठी त्याची लागवड झाली.

अ‍ॅरिझोना व सोनोराच्या वाळवंटात झुडपांमधल्या जागा मूळच्या मोकळ्या असतात. त्यामुळे तिथे आग पसरत नसे. अंजनाने या मोकळ्या जागा वाळलेल्या गवताने भरून काढल्या आणि आग एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. तिथला सग्वारो हा प्रचंड निवडुंग अशा आगीला तोंड देऊ शकत नाही. आगीनंतर अंजन मात्र ठोंबांतून पुन्हा फुटते व अधिक पसरते. अ‍ॅरिझोना राज्याने २००५ साली त्याला हानिकारक तण घोषित केले. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यानेही २०१५ साली त्याचा समावेश घोषित तणांत केला. दोन्हीकडे स्वयंसेवक ते उपटून काढण्याच्या मोहिमा राबवतात.

या उदाहरणावरून कोणतीही जाती स्वभावतः उपकारक किंवा अपायकारक नसते, हे स्पष्ट होते. मूळ प्रदेशात चराई करणारे प्राणी, इतर गवते, कीड व जमीन यांच्याशी तिचा दीर्घकाळ जुळलेला समतोल असतो. तो नसलेल्या प्रदेशात तीच जाती बेसुमार वाढू शकते.

कायदेशीर संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने विशिष्ट वनस्पतींच्या संरक्षणाचे प्रकरण जोडण्यात आले. त्या वेळच्या सहा वनस्पतींच्या यादीत एकही गवत नव्हते. गवतांना संरक्षण मिळते ते बहुधा प्राण्यांच्या निमित्ताने. सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य १९७९ साली, तर कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य १९८० साली घोषित झाले. माळढोक अभयारण्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी होते, त्यात खासगी शेतजमिनी व गावेही समाविष्ट असल्याने पुढे ते सुमारे १,२२२ चौ. किमीपर्यंत कमी करण्यात आले. माळढोक पक्षी २०११ पासून अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. एखादा माळ या पक्ष्याच्या किंवा काळविटाच्या वावरात नसेल, तर तिथल्या गवताला असे संरक्षण लाभत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ मुळे गावपातळीवर एक मार्ग उपलब्ध आहे. या कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. तीत पिके, झाडे व प्राणी यांच्याबरोबर रानगवते, त्यांची स्थानिक नावे व उपयोगही नोंदवता येतात.

जतनाचे उपाय

अंजनाचे जतन दोन प्रकारे होते. पहिला प्रकार मूळ स्थानाबाहेरील जतनाचा आहे. याचे बी कोरड्या व थंड जागी दीर्घकाळ टिकते, म्हणून ते जनुककोशात साठवता येते. नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था, झाशी येथील भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था (स्थापना १९६२) आणि जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था या क्षेत्रात कार्यरत असून झाशी व जोधपूर येथे अंजनाचे सुधारित वाणही विकसित झाले आहेत. इथिओपियातील अदिस अबाबा येथील आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या जनुककोशातही या जातीचा संग्रह आहे.

दुसरा प्रकार मूळ स्थानी जतनाचा. यात चराईचे नियमन सर्वांत महत्त्वाचे असते. माळाचे भाग पाडून पावसाळ्यात आळीपाळीने चराईबंदी केल्यास ठोंबांना बी धरण्यास वेळ मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी पाणलोटाच्या कामांसोबत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली; गवत कापून नेण्याची मुभा ठेवल्याने जनावरांची वैरणही टिकली. बंदी आणि कापणीची मुभा एकत्र असल्याखेरीज पशुपालकांकडून बंदी पाळली जाणे अवघड असते.

पुनर्लागवड करताना जवळच्याच माळावरील बी किंवा ठोंब वापरणे श्रेयस्कर मानले जाते, कारण त्यामुळे स्थानिक वंश टिकतो. ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते. म्हणून हिवाळ्यापूर्वी गोळा केलेले बी पुढील पावसाळ्यात पेरतात. बी केसाळ व हलके असल्याने ते ओलसर मातीत किंवा वाळूत मिसळून उथळ पेरले जाते. खोल पडलेले बी सहसा उगवत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय चराऊ प्रदेश व पशुपालक वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्यामुळे पडीक गणल्या गेलेल्या गवताळ प्रदेशांचे मोजमाप व प्रादेशिक मूल्यांकन हे विषय चर्चेत आले आहेत. अंजन गवताबाबत अशा मूल्यांकनात जातीची उपस्थिती, तिचे प्रमाण, ती मूळची आहे की पेरलेली आणि त्या माळावर कोणाची जनावरे चरतात, या चार बाबी स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक ठरते.